स्वररचनेची चोरी आणि तिचा बंदोबस्त

देहूच्या तुकोबांचा काळ सतराव्या शतकाचा. त्या काळीं ग्रंथस्वामित्वाचा कायदा नव्हता, देशावर छापखाना पोहोंचला नव्हता, आणि अभंग हा एका कंठांतून दुसऱ्या कंठांत जाणारा ठेवा होता. तरीहि चोरी होतीच. तुकोबांच्या अभंगांत सालोमालो या नांवाचा उल्लेख येतो. आणि परंपरा असें सांगते कीं, हा गृहस्थ तुकोबांचे अभंग घेई, शेवटची नाममुद्रा तेवढी बदली आणि तेच अभंग आपले म्हणून लोकांपुढें गाई. प्रभात फिल्म कंपनीनें १९३६ सालीं काढलेल्या ‘संत तुकाराम’ या बोलपटानें ही कथा घरोघरीं पोहोंचविली.

अभंगाच्या शेवटीं कवीचें नांव गुंफण्याची जी आपली रीत, ती केवळ शोभेची नव्हती. रचना कोणाची, हें ऐकणाऱ्यास कळावें म्हणून मारलेली ती एक मोहोर होती. ख्यालगायनांतहि हीच रीत दिसते. अठराव्या शतकांत दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारीं असलेल्या न्यामतखानाचें ‘सदारंग’ हें नांव त्याच्या चिजांतून आजहि ऐकूं येतें. पुढें मराठी रंगभूमीवर १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ आलें आणि संगीत नाटकांची परंपरा सुरू झाली, तेव्हां नाटकाच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापण्याचा प्रघात पडला. दुसऱ्याचें घेतलें तर तें कोठून घेतलें हें सांगून घ्यावें, असा त्यांतला साधा प्रामाणिकपणा होता.

परंतु या मोहोरेंत एक उणीव होती. सज्जनास ती कर्त्याची ओळख करून देई. दुर्जनाचा हात धरण्याची शक्ति तिच्यांत नव्हती. म्हणूनच कित्येक जुन्या गवयांनीं दुसरा मार्ग पत्करला. चांगली चीज ते शिष्यांनाहि सहजासहजीं देत नसत. रचना लपविली कीं तिची चोरी होत नाहीं हें खरें. पण लपविलेली रचना गवयाबरोबरच मसणांत जाते, हेंहि तितकेंच खरें. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं शेंकडों चिजा मिळवून, स्वरलिपींत उतरवून, ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या भागांत छापल्या नसत्या, तर त्यांतील कितीएक आज नांवालाहि उरल्या नसत्या. प्रसिद्ध करावी तर चोरीस जाते, लपवावी तर नष्ट होते, असा हा पेंच आहे. आज एकादा तरुण रात्र जागून एक चाल बांधतो, ती इंटरनेटवरील संगीताच्या संकेतस्थळावर ठेवतो, आणि चार दिवसांत तीच चाल दुसऱ्याच्या नांवानें वाजूं लागलेली ऐकतो, तेव्हां तो याच पेंचांत सांपडलेला असतो. या पेंचांतून वाट काढण्याची खटपट निदान पांचशें वर्षें चालू आहे.

‘संत तुकाराम’ बोलपटाचा गौरव १९३७ सालीं ज्या व्हेनिस शहरांतील महोत्सवांत झाला, त्याच व्हेनिसमध्यें या खटपटीचा एक आरंभ सांपडतो. ओत्ताविआनो पेत्रुच्ची नांवाच्या मुद्रकानें अनेक स्वरावलींचें संगीत खिळ्यांनीं छापण्याची युक्ति साधली आणि २५ मे १४९८ रोजीं व्हेनिसच्या सरकाराकडून वीस वर्षांचा मक्ता मिळविला. या मुदतींत त्या राज्यांत दुसऱ्या कोणीं तसें संगीत छापूं नये, अशी ती सनद होती. १५०१ सालीं त्याचा पहिला संग्रह बाहेर पडला. पण सनद मिळाली ती मुद्रकास. ज्यांनीं तीं गीतें रचलीं होतीं, त्यांचा तींत कांहींच अधिकार नव्हता. इंग्लंडांत १५७५ सालीं राणी एलिझाबेथनें थॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड या दोन संगीतकारांना संगीत छापण्याचा एकवीस वर्षांचा मक्ता दिला. येथें संगीतकारच मक्तेदार झाले खरे. पण पुस्तकें खपलीं नाहींत आणि दोनच वर्षांत त्यांना मदतीसाठीं राणीकडे अर्ज करावा लागला. राजाची मर्जी म्हणजे हक्क नव्हे, आणि मक्ता म्हणजे मिळकत नव्हे, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

लेखकाचा हक्क मानणारा पहिला मोठा कायदा १७१० सालीं इंग्लंडांत अंमलांत आला. राणी ॲन हिच्या नांवानें तो ओळखला जातो. त्यांत पुस्तकांचा उल्लेख होता, संगीताचा नव्हता. छापणाऱ्यांनीं याचा फायदा घेतला. थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख याचा धाकटा मुलगा योहान ख्रिस्तियन हा त्या वेळीं लंडनांत राणीचा संगीतशिक्षक होता. त्याच्या रचना एका प्रकाशकानें परवानगीवांचून छापल्या, तेव्हां त्यानें दावा लावला. १७७७ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं निकाल दिला कीं, छापलेलें संगीत हेंहि कायद्याच्या अर्थानें लेखनच होय. अक्षरांनीं विचार व्यक्त होतात, तसे ते स्वरचिन्हांनींहि होतात. संगीतकारांच्या इतिहासांत हा दिवस मोठा मानावा लागेल. पण बाखला त्याचें सुख फार लाभलें नाहीं. १७८२ सालच्या पहिल्याच दिवशीं तो कर्ज मागें ठेवून वारला.

कायदा असूनहि कर्ता उपाशी कसा राहतो, याचें याहून करुण उदाहरण अमेरिकेंत घडलें. स्टीफन फॉस्टर या तरुणाचें ‘ओ! सुझाना’ हें गीत १८४८ सालीं प्रसिद्ध झालें आणि पाहतां पाहतां साऱ्या देशाच्या तोंडीं बसलें. प्रकाशकामागून प्रकाशक तें आपापल्या परीनें छापूं लागले. फॉस्टरच्या हातीं त्याबद्दल आले ते अवघे शंभर डॉलर. १८६४ सालीं न्यूयॉर्कच्या इस्पितळांत त्याला मृत्यु आला, तेव्हां त्याच्या पाकिटांत अडतीस सेंट होते. ज्याचीं गीतें लाखों लोक गात होते, त्याची ही शेवटची शिल्लक!

फ्रान्समध्यें मात्र एका गीतकारानें गंमतीची युक्ति काढली. एर्नेस्त बूर्जे हा १८४७ सालीं पॅरिसमधील एका नामांकित उपाहारगृहांत आपल्या मित्रांसह बसला असतां तेथें त्याचींच गीतें गायिलीं जात होतीं. पेयाचे पैसे मागतांच तो म्हणाला कीं, तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाहीं, तर मीं तुमच्या पेयाचे पैसे कां द्यावे? भांडण न्यायालयांत गेलें आणि निकाल बूर्जेच्या बाजूनें लागला. पण पॅरिसांतील प्रत्येक उपाहारगृहांत जाऊन कोण गातो आहे हें एकट्यानें कसें पाहावें? म्हणून १८५१ सालीं रचनाकार आणि प्रकाशक यांची एक संस्था निघाली. ‘सासेम’ या संक्षिप्त नांवानें ती आजहि काम करीत आहे. सभासदांच्या वतीनें शुल्क गोळा करावें आणि तें वांटून द्यावें, ही तिची पद्धत. एकट्या कर्त्याचा हक्क संघटनेवांचून लंगडा असतो, ही गोष्ट या संस्थेनें जगास शिकविली.

यानंतरचा मोठा लढा झाला तो लंडनच्या रस्त्यांवर. एकोणिसावें शतक संपतां संपतां मध्यमवर्गीय इंग्रज घराघरांत पियानो आला होता, आणि लोकप्रिय गीतांचे छापील कागद लाखोंनीं खपत होते. एका गीताला दीड शिलिंगाच्या आसपास किंमत पडे. फोटोच्या साहाय्यानें छापण्याची स्वस्त कला हाताशीं येतांच चोरट्या छापखान्यांनीं हुबेहूब प्रती काढल्या आणि फेरीवाले त्या दोन दोन पेन्सांना विकूं लागले. बारा पेन्सांचा एक शिलिंग. तेव्हां अस्सल एका प्रतीच्या पैशांत नकली आठ-नऊ प्रती येत! कायदा रचनाकाराच्या बाजूचा होता; पण दावा लावावा तर फेरीवाल्याजवळ कवडी नाहीं, आणि छापणारा कोण याचा पत्ता नाहीं. १९०२ सालीं पार्लमेंटानें कायदा करून पोलिसांना नकली प्रती जागच्या जागीं जप्त करण्याचा अधिकार दिला. जप्तीचे ढीगच्या ढीग लागले, आणि दुसऱ्या दिवशीं फेरीवाले नवे गठ्ठे घेऊन उभे! कारण कायद्यांत जप्ती होती, पण खाजगी घरांत शिरून झडती घेण्याचा अधिकार नव्हता, आणि चोरटा माल छापणाऱ्यास शिक्षाहि नव्हती.

चोरट्या छापणाऱ्यांचें म्हणणेंहि लक्षांत घेण्याजोगें होतें. गरिबाच्या घरीं आम्हीच संगीत पोहोंचवितों, दीड शिलिंग देणारा मनुष्य आमच्याकडे येतच नाहीं, असा त्यांचा दावा. हा युक्तिवाद पार्लमेंटांतील कांहीं सभासदांनाहि पटला आणि नवा कायदा कांहीं वर्षें अडून राहिला. १९०५ सालीं प्रमुख प्रकाशकांनीं जाहीर केलें कीं, संरक्षण मिळेपर्यंत नव्या गीतांवर आम्ही पैसा घालणार नाहीं. अखेर टी. पी. ओकॉनर यांनीं मांडलेला कायदा ऑगस्ट १९०६ मध्यें मंजूर झाला. त्यानें चोरटी छपाई करणें, विकणें व जवळ बाळगणें हे गुन्हे ठरले; दंड आणि पुन्हा गुन्हा केल्यास कैद अशी तरतूद झाली. रस्त्यावरचा तो बाजार ओसरला.

पण या १९०६ च्या कायद्यांतच पुढच्या भांडणाचें बीज होतें. स्वयंचलित पियानोसाठीं लागणाऱ्या भोंकें पाडलेल्या कागदी गुंडाळ्या आणि ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिका त्यांतून मुद्दाम वगळल्या होत्या. अमेरिकेंत हाच प्रश्न वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ सालीं निकाल लागला कीं, माणसाच्या डोळ्यांनीं जी वाचतां येत नाहीं, ती कागदी गुंडाळी म्हणजे संगीताची प्रत नव्हे. मॅन्सफील्डनें एकशें एकतीस वर्षांपूर्वीं उघडलेलें दार यंत्रानें असें पुन्हा लोटून घेतलें. प्रसिद्ध बँडनायक जॉन फिलिप सूसा यानें १९०६ सालींच यांत्रिक संगीताच्या धोक्याविषयीं लेख लिहून आणि अमेरिकन काँग्रेसपुढें साक्ष देऊन रान उठविलें होतें. परिणामीं १९०९ सालीं अमेरिकेनें नवा कायदा केला आणि प्रत्येक यांत्रिक प्रतीमागें रचनाकारास दोन सेंट देणें सक्तीचें केलें. इंग्लंडांत तशाच धर्तीचा कायदा १९११ सालीं झाला, आणि त्याच्याच आधारें हिंदुस्थानांत १९१४ चा कायदा आला.

हिंदुस्थानांत ग्रामोफोन त्यापूर्वींच पोहोंचला होता. १९०२ सालीं कलकत्त्यांत गौहरजानच्या ध्वनिमुद्रिका घेतल्या गेल्या. त्या काळच्या मुद्रिकांत गाणें संपतांच गायिका आपलें नांव स्पष्ट उच्चारते. दूर जर्मनींतील कारखान्यांत तबकडीवर नांव चिकटविणाऱ्यांस गायिका ओळखूं यावी, हा त्यांतील व्यवहार. संतांची आणि सदारंगाची नाममुद्रा अशी यंत्राच्या युगांतहि वेगळ्या रूपानें अवतरली.

स्वातंत्र्यानंतर भारतानें १९५७ सालीं स्वतःचा कायदा केला. त्यांत मात्र एक चमत्कारिक गोष्ट राहून गेली. संगीतरचना म्हणजे छापलेली, लिहिलेली अथवा चिन्हांनीं नोंदलेली स्वरावलि, अशी त्यांत व्याख्या होती. ज्या देशांत संगीत गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानांत जातें, त्या देशांत कागदावर न उतरलेली चाल कायद्याच्या दृष्टीनें रचनाच ठरत नव्हती! ही व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीनें बदलली, आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंतांनाहि त्याच वेळीं स्वतंत्र हक्क मिळाले. दरम्यान कॅसेटचें युग येऊन गेलें होतें. घरच्या यंत्रावर हवी तितकी नक्कल निघूं लागली, तेव्हां १९८४ च्या दुरुस्तीनें शिक्षा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत आणि दोन लाख रुपये दंडापर्यंत वाढविण्यांत आली.

रचनाकारास लुबाडणारा नेहमीं चोरच असतो असें नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, चित्रपटासाठीं मोबदला घेऊन रचलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, निर्माता होय. त्यानंतर कवि आणि संगीतकार यांना एकरकमी बिदागीवर समाधान मानावें लागे. गाणें पुढें कितीहि वर्षें वाजलें तरी त्याचा वांटा त्यांच्या पदरांत पडत नसे. कवि जावेद अख्तर यांनीं राज्यसभेंत हा प्रश्न लावून धरला आणि २०१२ च्या दुरुस्तीनें परिस्थिति पालटली. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो उपयोग होतो, त्याच्या उत्पन्नांतील वांटा कवीस व संगीतकारास सोडून देतांच येऊं नये, असा बंदोबस्त त्या दुरुस्तीनें केला.

आतां इंटरनेटकडे वळावयाचें. ध्वनीचा आकडेमोडीत संक्षेप करून मूळच्या सुमारें दहाव्या हिश्शांत गाणें मावविण्याची ‘एम्‌पी-थ्री’ नांवाची पद्धति जर्मनींतील संशोधकांनीं सिद्ध केली होती. १९९९ सालीं शॉन फॅनिंग या अमेरिकन विद्यार्थ्यानें ‘नॅप्स्टर’ नांवाची सोय सुरू केली. तिच्या साहाय्यानें एका घरच्या संगणकांतील गाणें जगांतील दुसऱ्या कोणत्याहि घरीं क्षणांत उतरवून घेतां येऊं लागलें. २००० सालीं ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाला आपलें एक अपुरें, अप्रकाशित गीतच रेडिओवर वाजत असल्याचें आढळलें. त्याचा माग नॅप्स्टरपर्यंत गेला, आणि तीन लाखांहून अधिक वापरणाऱ्यांचीं नांवें त्यांनीं कंपनीपुढें ठेवलीं. ध्वनिमुद्रण कंपन्यांनीं लावलेल्या दाव्यांत २००१ सालच्या फेब्रुवारींत अपील न्यायालयाचा निकाल नॅप्स्टरविरुद्ध गेला आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें ती सोय बंद पडली. पण लंडनच्या फेरीवाल्यांप्रमाणेंच तिच्या जागीं नव्या अनेक उभ्या राहिल्या.

मग यंत्राचा उतारा यंत्रानेंच शोधला. प्रत्येक ध्वनीत कोणत्या क्षणीं कोणते स्वर किती बलवान आहेत, याचा एक नकाशा काढतां येतो. त्यांतील ठळक ठळक बिंदूंची नोंद केली कीं, बोटाच्या ठशासारखा त्या मुद्रणाचा ठसा तयार होतो. नवें गाणें संकेतस्थळावर चढतांच त्याचा ठसा साठ्यांतील ठशांशीं ताडून पाहावयाचा, अशी व्यवस्था ‘यूट्यूब’नें २००७ सालापासून सुरू केली. चोर पुष्कळ सांपडले. पण सज्जनहि अडकले. २०१८ सालीं एका ब्रिटिश पियानोवादकानें थोरल्या बाखची रचना स्वतः वाजवून फेसबुकवर ठेवली, तर एका कंपनीच्या नांवानें तिच्यावर हक्क सांगितला गेला आणि ध्वनि बंद झाला. बाख १७५० सालीं वारला होता! ठसा जुळला, पण विवेक कोठून आणावा? ज्या संगीतांत एकच बंदिश शेंकडों गवई गातात, त्या संगीतास हा धोका अधिकच आहे.

भारतांत या बाबतींतला महत्त्वाचा निकाल ‘मायस्पेस’ या संगीत-वांटपाच्या संकेतस्थळाविषयीं लागला. ‘सुपर कॅसेट्स’ कंपनीनें दिल्ली उच्च न्यायालयांत दावा लावला होता. २०११ सालीं एका न्यायाधीशांनीं संकेतस्थळास जबाबदार धरलें. परंतु २३ डिसेंबर २०१६ रोजीं दोन न्यायाधीशांच्या पीठानें तो निर्णय फिरविला. आपल्याकडे चोरीचा माल येऊं शकतो एवढी सर्वसाधारण जाणीव पुरेशी नाहीं. अमुक रचना अमुक ठिकाणीं आहे असें नेमकें कळविल्यावर मात्र ती काढून टाकली पाहिजे, असें त्या पीठानें ठरविलें. आजच्या नियमांप्रमाणें लेखी तक्रार आल्यावर ३६ तासांच्या आंत संकेतस्थळानें कारवाई करावयाची आणि ती रचना २१ दिवस बंद ठेवावयाची. त्या मुदतींत तक्रारदारानें न्यायालयाचा हुकूम न आणल्यास संकेतस्थळास ती पुन्हा खुली करतां येते.

यावरून नवोदित रचनाकारानें काय समजावयाचें? पहिली गोष्ट ही कीं, आपल्या देशांत हक्क रचनेबरोबरच जन्मतो. नोंदणी केलीच पाहिजे अशी सक्ति नाहीं. पण हक्क असणें वेगळें आणि तो सिद्ध करणें वेगळें. म्हणून चालीचे कच्चे मुद्रण, स्वरलिपीचे कागद, तारखा आणि पत्रव्यवहार जपून ठेवावे. शक्य तर नोंदणीहि करावी, ती पुराव्याला उपयोगी पडते. दुसरी गोष्ट, तक्रार मोघम नसावी. रचना कोणती, ती कोठें सांपडली, मूळ केव्हां प्रसिद्ध झाली, हें नेमकें लिहावें. तिसरी, बूर्जेप्रमाणें एकट्यानें न झगडतां आपल्या व्यवसायबंधूंच्या संस्थेंत सामील व्हावें. भारतांत अशी संस्था १९६९ सालापासून आहे.

आणि ऐकणाऱ्यांनीं? अस्सल माल सोपा आणि स्वस्त झाला कीं चोरीचा जोर कमी होतो, याचा अनुभव २००३ सालीं आला. त्या वर्षीं ‘ॲपल’ कंपनीनें एकेक गाणें नव्याण्णव सेंटांना विकण्याचें दुकान इंटरनेटवर उघडलें, आणि फुकट मिळत असतांहि लाखों लोकांनीं पैसे देऊन गाणीं घेतलीं. दीड शिलिंग न परवडणारा गरीब आणि फुकट्या चोर हे एकच नव्हेत. पहिल्याची सोय केली कीं दुसरा एकाकी पडतो.

गेल्या पांचशें वर्षांत सनद, कायदा, जप्ती, कैद, संघटना आणि यंत्राचा ठसा असे सारे उपाय होऊन गेले. प्रत्येकानें थोडें साधलें. कोणीं सारें साधलें नाहीं, आणि प्रत्येक वेळीं नवें यंत्र कायद्याच्या चार पावलें पुढेंच राहिलें. देहूचे अभंग मात्र आज तुकोबांच्याच नांवानें गायिले जातात. सालोमालोनें मुद्रा बदलली, तरी ज्या लोकांनीं ते अभंग तुकोबांच्या मुखांतून ऐकले होते, त्यांनीं ते त्याच नांवानें स्मरणांत ठेवले आणि पुढच्या पिढीस सांगितले. तेथें न्यायालय नव्हतें, साक्षीदार होते. प्रत्येक गाणें ऐकतांना तें कोणीं रचलें याची चौकशी करणारा श्रोता हाच आजहि रचनाकाराचा सर्वांत जवळचा साक्षीदार आहे.